महिनाभर आधी का सांगितलं नाही: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. लगेच उत्तर लिहिलं असतं तर ते रागाचं झालं असतं, म्हणून थांबले. तुम्ही लिहिलेल्यातलं एक वाक्य मला लागलंय, आणि ते खरं आहे. त्याकडे शेवटी येते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. इंग्लंडमध्ये ज्यांच्याकडे घोडा आहे पण रान नाही, असे लोक त्याला 'लिव्हरी यार्ड'वर, म्हणजे पैसे घेऊन घोडे सांभाळणाऱ्या पागेत, ठेवतात. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर असा फरक होता. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. लिव्हरीत घोडा शिलेदाराचा आणि पागा परक्याची. माझी अबलख कॉब (ठेंगण्या, दणकट बांध्याची) घोडी, अबोली, चार वर्षं श्रॉपशरमधल्या अशाच एका यार्डवर होती. सकाळची चंदी आणि कुरणात सोडणं यार्डवाल्या बाईंकडे, संध्याकाळचं सगळं माझ्याकडे. २०२३ च्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी मी तिला तिथून हलवलं आणि सोडत असल्याची चिठ्ठी त्याच दिवशी दिली. यार्डवाला त्रासदायक असेल तर कसं निघावं, हे मी त्या अनुभवावरून लिहिलं होतं.

त्यावर तुम्ही, स्वतः केंटमध्ये अकरा घोड्यांचं यार्ड चालवणाऱ्या, लिहिता: चार वर्षं ज्या बाईनं घोडी सांभाळली तिच्या दारातून तुम्ही चोरासारख्या निघालात. महिनाभर आधी तोंडावर सांगायला हवं होतं. लशीचं निमित्त करून घोडीचा पासपोर्ट, म्हणजे तिची ओळखपुस्तिका, काढून घेतलात. खोगीर आधी घरी न्या, असं सांगून नव्या मुलींना संशय शिकवता. भर हिवाळ्यात रिकामा झालेला तबेला कोण भरणार, याचा विचार केला नाहीत. आणि शेवटी, मागे राहिलेल्या घोड्यांचं काय झालं ते तुम्ही एका ओळीतही लिहिलं नाही.

पैशाचं आधी सांगते, कारण तिथे गैरसमज आहे. करारात चार आठवड्यांची पूर्वसूचना होती. ते चार आठवडे मी बुडवले नाहीत. घोडी हलवायच्या आदल्या रात्री चारही आठवड्यांचं पूर्ण भाडं बँकेतून भरलं, रकमेसमोर कशाचे पैसे ते लिहिलं. सेवा घेतली नाही, पैसे दिले. पूर्वसूचनेचा अर्थ यार्डवाल्याचं उत्पन्न अचानक तुटू नये एवढाच आहे. घोडं ते चार आठवडे तिथेच उभं राहिलं पाहिजे, असं माझ्या करारात कुठेही नव्हतं. तुमच्या करारात असेल तर जरूर सांगा, कारण वाचणाऱ्यांनी सही करण्याआधी ती ओळ शोधायला हवी.

आता तोंडावर सांगण्याबद्दल. मी दोनदा बोलले होते, आणि दोन्ही वेळा वैरणीबद्दल. २०२२ चा उन्हाळा तुम्हीही इथेच काढलात. जुलैत पारा ४० अंशांच्या वर गेला, रानं पिवळी पडली, गवताची दुसरी कापणी अनेकांना मिळालीच नाही. हिवाळ्यात सुक्या गवताच्या गासड्या महाग झाल्या. आमच्याकडे गवत बाईंकडूनच घ्यायचं असा नियम होता. नोव्हेंबरपासून अबोलीची जाळी, म्हणजे तिचं गवत भरून टांगायची पिशवी, हलकी लागायला लागली. भारताला जाताना बॅगा तोलायचा तो हूकवाला काटा असतो ना घरात, तो एका संध्याकाळी घेऊन गेले. जाळी भरली चार किलो. अबोलीचं वजन साडेचारशे किलोच्या आसपास. घोड्याला दिवसाला निदान त्याच्या वजनाच्या दीड टक्का वैरण लागते, म्हणजे पावणेसात किलो तरी. कुरणात तेव्हा चिखलाशिवाय काही नव्हतं. घोड्याच्या पोटात आम्ल सतत स्रवतं, खायला असो वा नसो. तास‌न्‌तास रिकामं पोट म्हणजे अल्सरला आमंत्रण, पोटशूळाची भीती वेगळी.

पहिल्यांदा बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, बघते. दुसऱ्यांदा म्हणाले की जास्तीच्या गवताचे पैसे मी देते, किंवा माझं गवत मी आणते. त्यावर त्या आवारात, चार माणसांसमोर माझ्या अंगावर ओरडल्या, आणि दुसऱ्या दिवशी अबोली सकाळी कुरणात गेलीच नाही. मी संध्याकाळी पाचला पोचले तेव्हा ती सगळ्या दिवसाच्या लिदीत उभी होती. ताई, मी बोलले होते, आणि बोलल्याची किंमत तिनं मोजली.

तरीही मी महिनाभर आधी सांगितलं असतं. का सांगितलं नाही, ते मूळ लेखात मी टाळलं होतं, कारण ती गोष्ट दुसऱ्या एका मुलीची आहे. ओळख पटणार नाही एवढंच सांगते. मी निघण्याच्या वर्षभर आधी एका मुलीनं तुम्ही म्हणता तसंच केलं. चहा पिता पिता, नीट, आभार मानून, चार आठवडे आधी. दुसऱ्या आठवड्यात तिचा घोडा त्याच्या ओळखीच्या सोबत्यांतून काढून एका लाथाळ घोड्याबरोबर सोडला गेला. पाण्याची बादली दोनदा कोरडी सापडली. शेवटच्या आठवड्यात मागच्या पायाच्या सांध्यावर लाथ बसली, टाके पडले. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण माणूस दुखावलेलं असताना त्याचं लक्ष कसं उडतं हे मी त्या आवारात रोज पाहिलं. लिव्हरीत हेच अवघड आहे. घर सोडताना घरमालकाशी वाद झाला तर भांडीकुंडी भोगत नाहीत. इथे सकाळी सहा ते संध्याकाळी पाच तुमचं जनावर त्या दुखावलेल्या माणसाच्या हातात असतं, आणि त्याला बोलता येत नाही.

म्हणून माझा सल्ला मी मागे घेत नाही. यार्डवाला सरळ असेल तर महिनाभर आधी सांगा, जाताना मिठाईचा डबा न्या, नंतरही येत-जात राहा. माझ्या पहिल्या यार्डवरून मी तशीच निघाले होते. पण दोनदा बोलून जनावराला भोगावं लागलं असेल, तर आधी पैसे, मग घोडा, मग चिठ्ठी.

चिठ्ठीत काय लिहिलं होतं, असं तुम्ही विचारलंत. सहा ओळी होत्या. आजपासून करारानुसार चार आठवड्यांची पूर्वसूचना देत आहे. त्या काळाचं पूर्ण भाडं काल बँकेत भरलं आहे. घोडी आज हलवली आहे. तबेला रिकामा करून लीद काढून धुतला आहे, फोटो सोबत जोडले आहेत. किल्ली पाकिटात आहे. चार वर्षांच्या देखभालीबद्दल आभार. तक्रारीचा एकही शब्द घातला नाही. आणि शेवटची ओळ उपचाराची नव्हती. पहिली तीन वर्षं त्या बाईंनी अबोलीला खरंच चांगलं पाहिलं, एकदा रात्री दोन वाजता पोटशूळ उठला तेव्हा मला फोन करून त्या तिला पहाटेपर्यंत फिरवत राहिल्या होत्या.

पासपोर्टचं तुमचं बोलणं निम्मं मान्य. लस खरोखरच द्यायची होती, आणि डॉक्टर ती पासपोर्टमध्येच नोंदवतात. पण ती मी आदल्या आठवड्यात लावून घेतली ती पासपोर्ट हातात यावा म्हणून. हे लपवणं मला आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. मात्र पासपोर्टशिवाय घोडा हलवणं नियमात बसत नाही, आणि बाईंच्या कपाटात तो अडकला असता तर मीही अडकले असते. नव्यानं घोडा घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पासपोर्ट ही ओळख आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मालकी दाखवायला खरेदीची पावती, विम्याचे कागद, डॉक्टरांची आणि नालबंदाची बिलं जपून ठेवा, आणि ती यार्डच्या खोलीत ठेवू नका. खोगीर आधी घरी न्या म्हणाले ते याच कारणानं. नंतर एका कुलपापायी महिनाभर पत्रं लिहावी लागण्यापेक्षा ते सोपं आहे.

एका मुद्द्यावर मात्र मी तुम्हाला ठामपणे दुरुस्त करते, कारण तुमचं वाचून एखादी मुलगी घाबरेल. तुम्ही लिहिलंत, 'भाडं थकलं असेल तर यार्डवाल्याला घोडा अडवून ठेवायचा हक्कच आहे.' इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात तो हक्क आपोआप मिळत नाही. १८३३ च्या 'जडसन विरुद्ध एथरिज' या खटल्यापासून हे ठरलेलं आहे. घोड्याला नुसतं खाऊपिऊ घालून सांभाळणाऱ्याला तो अडवून ठेवता येत नाही. शिकवून तयार करणाऱ्याला तो हक्क मिळू शकतो, कारण त्यानं घोड्याची किंमत वाढवलेली असते. सराईवाल्यालाही पूर्वी होता, पण १९५६ च्या कायद्यानं घोड्यांपुरता तो काढून घेतला. लिव्हरीवाल्याला तो हवा असेल तर करारात तसं कलम लागतं, आणि पुष्कळ करारांत हल्ली ते असतं. म्हणून करार वाचा. कलम नसताना कोणी फाटकाला कुलूप घातलं, तर दुसऱ्याची वस्तू बेकायदा अडवण्याबद्दलच्या १९७७ च्या कायद्याखाली मालक दाद मागू शकतो. पैशाचा वाद उरलाच तर १०,००० पौंडांपर्यंतचे दावे छोट्या दाव्यांच्या न्यायालयात वकिलाशिवायही चालवता येतात. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथल्या वाचकांनी हे जसंच्या तसं धरू नये.

मला हे शोधावं लागलं, कारण निघाल्यावर दहा दिवसांनी 'तबेल्याच्या नुकसानीचे' ३४० पौंड मागणारा निरोप आला. मी फोटो पुन्हा पाठवले आणि कशाकशाचं नुकसान ते तपशीलवार लिहून द्या, असं कळवलं. फोनवर बोलले नाही, वाद घातला नाही. तपशील आजवर आला नाही.

घोडे भाड्यानं देणाऱ्यांना, कुत्र्या-मांजरांना पैसे घेऊन सांभाळणाऱ्यांना इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार परवाना लागतो. लिव्हरी यार्डला त्या नियमांत जागा नाही. चार तबेले आणि एक रान असलं की कोणीही उद्या पाटी लावू शकतो. तुमच्यासारख्या, नीट चालवणाऱ्यांवर हा अन्यायच आहे, कारण लेखी करार, विमा, आगीची तयारी हा सगळा खर्च तुम्ही करता आणि शेजारचा करत नाही. ब्रिटिश हॉर्स सोसायटीकडे कराराचा नमुना मिळतो आणि त्यांची मान्यताप्राप्त यार्डांची यादीही आहे. नवं यार्ड मी तिथेच शोधलं. पहिले तीन आठवडे अबोली वेगळ्या कुरणात, वेगळ्या बादलीवर होती, स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या भीतीनं. मला ते पाहूनच बरं वाटलं. गवत बदलल्यानं पोट बिघडू नये म्हणून माझ्या शेडमध्ये जुन्या गवताच्या चार गासड्या राखून ठेवल्या होत्या, त्या दोन आठवडे नव्यात मिसळल्या.

आणि तुमच्या व्यवसायाबद्दल मी लिहायला हवं होतं. रानाचं भाडं, लिदीचा ढीग उचलून नेण्याचे पैसे, आठवड्याचे सातही दिवस, नाताळच्या सकाळीसुद्धा अंधारात उठणं. त्या बाई एकट्या होत्या, आणि त्या वर्षीच्या गवताच्या भावानं त्यांना किती दाबलं असेल, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. भाडं वाढवते म्हणाल्या असत्या तर आम्ही सगळ्यांनी दिलं असतं. त्यांनी भाडं तेवढंच ठेवून जाळी हलकी केली. तिथे माझी सहानुभूती संपते.

आता ते वाक्य. मागे राहिलेले घोडे.

अबोली चार वर्षं एका म्हाताऱ्या घोड्याबरोबर एकाच कुरणात होती. उन्हाळ्यात दोघं एकमेकांची मान खाजवत उभी असायची, खरारा करायला न्यावं तर एकाला आत आणलं की दुसरा हाका मारायचा. त्याच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. त्या बोलून बसतील, आणि बाईंना कळेल, अशी भीती होती. शनिवारी अबोली ट्रेलरमध्ये चढली आणि तिकडे कुंपणाला धरून तो पळायला लागला. आरशात दिसत होता. संध्याकाळी त्या आजींचा फोन आला. दिवसभर तो कुंपणाकडेला येरझाऱ्या घालत होता, जानेवारीच्या थंडीत घामानं निथळत होता, पायाखालचं रान खणून निघालं होतं. त्या रडत होत्या. म्हणाल्या, मला शुक्रवारी सांगितलं असतंस तर मी सकाळीच येऊन त्याला तबेल्यात घेतलं असतं, शेजारी दुसरं कोणी ठेवलं असतं.

मला उत्तर देता आलं नाही. अबोलीला कोणाच्या रागाची झळ बसू नये म्हणून सगळी आखणी केली, आणि तिच्या सोबत्याला मीच ती झळ दिली. लेख लिहिताना मला ते आठवत होतं. लिहायचं धैर्य झालं नाही, आणि तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

त्याला पुढे एक शेटलंड पोनी सोबतीला मिळाली. आजी माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही.

मूळ लेखात 'कोणालाही आधी सांगू नका' असं मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते आज सकाळी काढलं. त्या जागी आता असं आहे: 'कुरणातल्या सोबत्याच्या मालकाला आदल्या रात्री फोन करा. तो बोलून बसेल अशी भीती असली तरी करा.'