ठेवण पाहून दुखण्याचे मूळ सापडत नाही

मालिश-उपचार करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारी भरणाऱ्या कार्यशाळांच्या जाहिरातींतून एक विधान सर्रास फिरत असते. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: ‘दुखते तिथे कारण नसते, उभ्या माणसाची ठेवण वाचता आली की मूळ कारण दिसते, बोटांना स्नायूतली गाठ सापडते, स्नायूंना वेढणारे आवरण मोकळे केले की दुखणे मुळापासून जाते, आणि हे सगळे दोन दिवसांत शिकता येते.’ मालिश करणाऱ्याने हालचाल तपासायला शिकावे, याविषयी माझे दुमत नाही. किंबहुना ते शिकल्याखेरीज त्याने दुखऱ्या शरीराला हात लावू नये, असेच माझे मत आहे. हरकत आहे ती त्या तपासणीतून काय हाती लागते याच्या आश्वासनाला.

आधी ठेवणीचा मुद्दा. कार्यशाळेत कोणाला तरी उताणे झोपवून दोन्ही टाचा जुळवून पाहतात, एक टाच जराशी वर दिसते, आणि कंबरदुखीचे मूळ इथे आहे असे सांगून पुढची सगळी मालिश त्यावर आखली जाते. आता, क्ष-किरण मोजमापांवर आधारलेल्या अभ्यासांचा संशोधक नटसन यांनी २००५ मध्ये जो आढावा घेतला, त्यानुसार सुमारे ९० टक्के लोकांच्या पायांच्या हाडांच्या लांबीत काही ना काही फरक असतो, आणि तो सरासरी ५.२ मिलिमीटर भरतो. कटीचे हाड पुढे झुकण्याचेही तसेच आहे: संशोधक हेरिंग्टन यांनी २०११ मध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या १२० जणांची मोजणी केली, तेव्हा ८५ टक्के पुरुषांत आणि ७५ टक्के स्त्रियांत हा झुकाव आढळला. दहांपैकी सात ते नऊ धडधाकट माणसांत जे दिसते, ते समोरच्या दुखणेकऱ्यातही दिसणारच. त्यालाच दुखण्याचे कारण ठरवायला निराळा पुरावा हवा, आणि तो टाचा जुळवून मिळत नाही. ‘दुखते तिथे कारण नसते’ हे वाक्यही असेच अर्धे खरे आहे. खुब्याच्या सांध्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते, कमरेतील नस दाबली गेली की पोटरीत कळ येते. पण मुरगळलेला घोटा घोट्यातच दुखतो.

बोटांना सापडणाऱ्या गाठीविषयी मालिशवाल्यांच्या मनात फार अभिमान असतो, आणि तो मी समजू शकतो, कारण वर्षानुवर्षे तेल चोळणाऱ्या हाताला कातडीखालचे बरेच काही कळते. प्रश्न असा की एका हाताला जे कळते ते दुसऱ्या हातालाही तिथेच कळते का. १९९२ मध्ये वोल्फ आणि सहकाऱ्यांनी हे पाहिले. स्नायूंच्या दुखऱ्या बिंदूंचे तज्ज्ञ आणि फायब्रोमायल्जियाचे (अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या विकाराचे) तज्ज्ञ यांच्यापुढे दोन्ही प्रकारचे रुग्ण आणि निरोगी माणसे आणली गेली. कोण कोणत्या गटातला, हे त्यांना सांगितले नव्हते. स्नायूतील ताठ पट्टे, म्हणजे बोटांना गाठ म्हणून लागतात ते, तिन्ही गटांत जवळपास सारख्याच प्रमाणात नोंदवले गेले. या शोधनिबंधाच्या लेखकांत डेव्हिड सायमन्स हेही होते. जेनेट ट्रॅव्हेल यांच्या साथीने दुखऱ्या बिंदूंचा जगभर वापरला जाणारा ग्रंथ १९८३ मध्ये लिहिणारे ते हेच. म्हणजे हा निष्कर्ष विरोधकांनी काढलेला नव्हता. दाबल्यावर माणूस ‘हो, इथेच’ म्हणतो, ही माहिती मोलाची आहे आणि ती लिहूनही ठेवावी. मात्र ती त्याच्या संवेदनेची नोंद होते, कारणाचा शोध होत नाही.

आवरण मोकळे करण्याच्या कल्पनेबद्दल थोडक्यात सांगता येईल. चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये गणिती प्रारूप मांडून दाखवले की मांडीच्या बाहेरील बाजूचे किंवा तळपायाचे घट्ट आवरण एक टक्का दाबायलाही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागेल. मालिशनंतर सांधा लगेच अधिक वळतो हे खरेच, परंतु इतक्या चटकन होणारा बदल मज्जासंस्थेने ताण सोसण्याची मर्यादा वाढवल्यामुळे होतो, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. कोपर रोवून माणसाला कळवळायला लावण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. आणि ‘मुळापासून जाते’ म्हणावे, तर कंबरदुखीवरील मालिशच्या चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन संस्थेचा २०१५ चा आढावा पाहावा: २५ चाचण्या, ३,०९६ रुग्ण, काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत अल्पकाळ दिलासा, आणि त्या पुराव्यावरही लेखकांचा विश्वास फार थोडा. थोड्या काळाचा दिलासा ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तेवढाच सांगून पैसे घ्यावेत.

सात हालचालींना गुण देऊन, २१ पैकी १४ किंवा त्याहून कमी पडले की पुढे दुखापत होणार असे भाकीत करणारी तपासणीही या कार्यशाळांत शिकवतात. नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये अशा चाळणी-चाचण्यांनी भाकीत का साधत नाही हे सविस्तर मांडले आहे: दुखापत होणाऱ्यांचे आणि न होणाऱ्यांचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मध्ये रेघ ओढता येत नाही.

मग हालचाल तपासायची कशासाठी? हात कुठे लावायचा नाही, किती जोराने लावायचा आणि लावल्यावर काही बदलले का, हे ठरवण्यासाठी. खांद्याचे उदाहरण घेऊ. माणसाला बसवावे, कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवायला सांगावे आणि पंजा बाहेरच्या दिशेला नेण्यास सांगावे. तो जिथे थांबेल तिथून मालिश करणाऱ्याने तोच हात स्वतः हळूच पुढे न्यावा. हात दोन्ही वेळा तिथेच अडत असेल आणि अडताना घट्ट, चिवट अटकाव लागत असेल, तर फ्रोझन शोल्डरची, म्हणजे खांद्याचा सांधा आखडण्याच्या विकाराची, शंका घ्यावी, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसात. निदान डॉक्टरांनी करावे, आणि दुखऱ्या टप्प्यात हात जोराने ताणू नये, कारण त्याने दुखणे भडकते. तुम्ही नेला की हात सहज वर जातो आणि माणसाला स्वतः मात्र उचलता येत नाही, असे असेल तर स्नायुबंध फाटल्याची किंवा नस दुखावल्याची शक्यता येते, आणि तिथे तेलाची वाटी बाजूला ठेवणे भाग आहे. याला चार-पाच मिनिटे लागतात. त्यातून मूळ कारण सापडले असा दावा कोणी करू नये, पण पुढचा निर्णय बदलतो.

हात न लावण्याचा निर्णय आपल्याकडे सर्वांत जास्त गरजेचा आहे तो बाळंतिणीच्या मालिशमध्ये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर ‘वात धरला’ म्हणून ती रगडणे जिवावर बेतू शकते, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. कंबरदुखीबरोबर जांघेत व शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला असेल किंवा लघवी अडत असेल, तर थेट रुग्णालय. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या १९९१ च्या मालिश-उपचार कायद्यात या व्यवसायाची व्याप्ती सांगताना मृदू ऊती आणि सांध्यांची तपासणी आधी येते, उपचार नंतर. हा क्रम मला योग्य वाटतो.

राहता राहिले दोन दिवस. तेवढ्या वेळात खांद्याच्या तीन-चार हालचाली नीट पाहायला, त्यांचे अंश मोजून मालिशच्या आधी आणि नंतर वहीत उतरवायला, आणि धोक्याच्या खुणा विचारायला शिकता येते. पुढे खऱ्या रुग्णांवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काही महिने सराव करावा लागतो, कारण सांध्यातला चिवट अटकाव आणि दुखेल म्हणून माणसाने स्वतः आवळून धरलेला स्नायू यांतला फरक सहप्रशिक्षणार्थ्याच्या निरोगी खांद्यावर हाताला कधीच लागत नाही.