‘1 टक्का वाहनं, 11 टक्के बळी’ : हा हिशेब जुळत नाही

महामार्गावर मोठा अपघात झाला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जागतिक बँकेच्या नावाने एक वाक्य फिरू लागतं : जगातली फक्त 1 टक्का वाहनं भारतात, पण रस्त्यावरचे 11 टक्के बळी भारताचे. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, आकडे मात्र टिकत नाहीत.

आधी तो 1 टक्का. मार्च 2020 अखेर देशात नोंदलेली वाहनं 32 कोटींच्या वर होती. हा जगाचा 1 टक्का असेल, तर जगात 3,200 कोटी वाहनं हवीत, म्हणजे माणसांच्या चौपट!

11 टक्के हा आकडा तर उलट कमीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 मध्ये जगभरात 11.9 लाख माणसं रस्ते अपघातांत दगावली. आपल्या सरकारी नोंदीतले त्या वर्षीचे 1,53,972 मृत्यू त्याच्या 13 टक्के होतात. संघटनेचा भारताविषयीचा अंदाज आहे सुमारे 2.17 लाख, म्हणजे 18 टक्के. एवढी तफावत कशी पडू शकते, हे सीमाभागात समजायला अवघड नाही. निपाणीजवळच्या तवंदी घाटात जखमी झालेल्याला महाराष्ट्रात कोल्हापूरला हलवलं आणि आठवड्याने तो तिथे दगावला, तर ती खबर राज्याची हद्द ओलांडून अपघात घडला त्या पोलीस ठाण्याच्या कागदावर चढावी लागते. तीस दिवसांच्या आतला मृत्यू अपघातातच धरायचा असतो.

पण माझा खरा आक्षेप मृत्यूंना वाहनांच्या संख्येने भागण्यालाच आहे. घरात दुसरी मोटारसायकल आली की वाहनामागचे मृत्यू कागदावर कमी होतात, रस्ता मात्र तसूभरही सुधारत नाही. शिवाय 2022 मध्ये देशातल्या बळींपैकी 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे आणि 19 टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते. चालणाऱ्याकडे वाहनच नसतं, त्याला कुठल्या वाहनाच्या खात्यात टाकणार?

लोकसंख्येने भागलं तर 2021 साठी संघटनेच्याच अंदाजाने भारतात लाखामागे 15.4 बळी, जगात 15. म्हणून हायसं वाटून घ्यायचं कारण नाही. जवळपास घरटी गाडी असलेल्या स्वीडनमध्ये हाच आकडा दोनच्या आसपास आहे. अमेरिकेत तो तेराच्या आसपास, पण तिथला माणूस आपल्या कितीतरी पट अंतर गाडीने कापतो. तिथे धावलेल्या अंतरामागे मृत्यू दरवर्षी मोजतात. आपल्याकडे देशभराचं ते अंतर नियमित मोजलंच जात नाही.

तेव्हा जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीकडे आपण हे आकडे मागू या : पायी किती गेले, दुचाकीवर किती, आणि हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला अंधारात धडकून किती.