वारसाहक्काने आलेलं तोंड

पुण्यात तोंड आलं की औषध शोधायला बाहेर पडावं लागत नाही, सल्लेच घरी चालत येतात. खालच्या मजल्यावरचे काका दारातूनच "उष्णता!" असा निकाल देऊन जातात. आत्याच्या मते पोट साफ नाही. शेजारच्या काकू तुळशीबागेत गेल्या की आठवणीने गुलकंद आणतात. जाईचा पाला चावायला तर सगळेच सांगतात, पण जाई एकाच्याही घरी नसते. वाडे पडले तेव्हा वेलही गेले. मंडईबाहेर एका फुलवाल्या मावशींकडे पाला मागितला, तर म्हणाल्या, "आमच्याकडे माणसं फुलं घेतात, पाला शेळ्या खातात."

एरवी मी ऐकून घेतलं नसतं. पण खालच्या ओठाच्या आत, बरोबर सुळ्यासमोर, तुरीच्या डाळीएवढा पिवळट पांढरा फोड होता, भोवती लालभडक कड. 'व' म्हणायला गेलं की सुळा नेमका त्यावर टेकायचा. मिसळ सोडायला लागली त्याचं एवढं वाटत नाही. पुण्यात राहून उलट उत्तर देता येऊ नये, हे सहन होत नाही.

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ओठ उलटा करून पाहिला आणि मिसळीबद्दल चकार शब्द न काढता विचारलं, "घरात आणखी कोणाला येतं?"

बाबांना येतं, मला येतं, बायकोला येतं, लेकीलाही येतं. आईला तेवढं येत नाही, त्यामुळे ती उष्णता पक्षाची अध्यक्ष आहे.

बाई म्हणाल्या, "मग मिसळीला कशाला बोल लावता?" वारंवार तोंड येणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांच्या घरात हे आधीपासून असतं. आईवडील दोघांनाही त्रास असेल, तर मुलांना होण्याची शक्यता जवळजवळ ९० टक्के. दोघांनाही नसेल, तर २० टक्क्यांच्या आसपास. २०१९ साली ब्रिटनमधल्या साडेचार लाखांहून जास्त लोकांची जनुकं तपासली, तेव्हा याच्याशी संबंध असलेल्या तब्बल ९७ जागा सापडल्या. त्यातल्या बऱ्याच प्रतिकारशक्तीच्या कारभारातल्या. म्हणजे आमचे रक्षकच आमच्याच गालाच्या अस्तरावर धावून जातात! जनुकं नुसती तयारी करून ठेवतात. मग ब्रशचा ओरखडा, जागरण, काळजी, कमी पडलेलं लोह किंवा बी-१२, कुठलंही निमित्त पुरतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, बारके फोड आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप भरतात. तीन आठवडे झाले तरी भरला नाही, तर मात्र घरचे उपाय करत बसू नका, असा दम भरून त्यांनी लावायला मलम दिलं आणि रक्त तपासायला सांगितलं.

ही माहिती घरी सांगायला नको होती.

"आमच्या माहेरी नव्हतं हो असलं काही," आई लगेच म्हणाली. मग एकदम थबकली. "म्हणजे अहो, ते तुमचे आठ-आठ दिवसांचे अबोले... तुमचं तोंड आलेलं असायचं? आणि मी जन्मभर तुमची समजूत काढत बसले!" बाबांना नेमकं त्याच दिवशी जिभेच्या टोकाला आलं होतं. त्यांनी दूधभात कालवता कालवता नुसती मान हलवली. मला विचाराल तर त्यातले निम्मे अबोले खरेच असावेत, पण आता फोडावर सगळंच खपून गेलं.

बायकोचं माहेर सांगलीचं. तिच्या आईने फोनवर "आमच्याकडे हळदीचं खाणं, आमच्याकडून येणं शक्यच नाही," असं ठणकावून सांगितलं. त्या वेळी त्या मलम लावून बोलत होत्या, हे मागाहून कळलं.

सध्या लेकीसाठी स्थळं बघतोय. पत्रिका, पगार, फ्लॅट कुठे, एवढं झाल्यावर आईने परवा कोथरूडच्या एका स्थळाला विचारलंच, "मुलाला सारखं तोंड येतं का हो?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग मुलाचे वडील आवाज खाली आणून म्हणाले, "येतं. पण आमच्याकडून नाही, ते त्याच्या आईकडून आलंय."