तोंडी लावण्यापुरते

ज्या संध्याकाळी माणसाला दिलाशाची सर्वांत अधिक गरज असते, नेमकी त्याच संध्याकाळी त्याच्या अंगात स्वयंपाकाची ताकद उरलेली नसते. तरीही, दिवसभराच्या शिणावर उतारा म्हणून, लोणी आणि दूध घालून कुस्करलेला बटाटा व त्यावर तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा असा पदार्थ करण्याचे मी घरात जाहीर केले. कृतीत वर 'तोंडी लावण्यासाठी' असे लिहिले होते आणि कांदा परतण्यासाठी दहा मिनिटांचा अवधी दिला होता. माझी तक्रार या दहा मिनिटांविषयी आहे.

आधी एक किलो कांदा चिरावा लागला. सुरी बोथट असली की कांद्याच्या पेशी कापल्या जाण्याऐवजी चिरडल्या जातात, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत गुण्यागोविंदाने नांदणारी द्रव्ये एकमेकांत मिसळतात आणि त्यातून निघालेला वायू थेट डोळ्यांचा रस्ता धरतो. केवळ हा वायू तयार करण्यासाठी कांद्याने एक स्वतंत्र विकर (एन्झाइम) बाळगलेले आहे, हा शोध जपानी संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केला आणि त्याबद्दल २०१३ साली त्यांना, लोकांना आधी हसवणाऱ्या व मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिला जाणारा, इग नोबेल पुरस्कार मिळाला. तिसऱ्या कांद्यापर्यंत मी हसण्याच्याही पलीकडे गेलो होतो आणि विचाराच्याही.

दहाव्या मिनिटाला कांदा फक्त मऊ आणि पारदर्शक झाला होता. तपकिरी होण्याचा त्याचा काही बेत दिसत नव्हता. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असते आणि ते बरेचसे उडून जाईपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या वर फारसे चढतच नाही, मग त्याला रंग यावा तरी कुठून? मी आच वाढवली, तेव्हा कडा काळ्या पडल्या आणि मधला भाग कच्चाच राहिला. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की रंग लवकर येतो हे खरे, पण कांद्याचा लगदा होतो, त्यामुळे तोही मार्ग मी सोडला. मग आच मंद करून, तळाला धरलेला तपकिरी थर चमचाभर पाण्याने सोडवून घेत, मी ढवळत उभा राहिलो.

"अहो, अजून किती वेळ?" बाहेरून विचारणा झाली.

"झालंच," मी म्हणालो. हे उत्तर मी तासाभरात चार वेळा दिले. मधल्या काळात सौभाग्यवतींनी शेजारच्या शेगडीवर मुख्य जेवण तयार करून, झाकून, भांडी घासून टाकली होती.

बटाट्याच्या बाबतीत मात्र मी सावध होतो, कारण मागच्या वेळी उकडलेले बटाटे मी मिक्सरमधून फिरवले होते. पात्यांच्या माऱ्याने शिजून फुगलेल्या पेशी फुटतात आणि आतले पिष्ट (स्टार्च) बाहेर येते. त्या दिवशी जे तयार झाले ते खाण्यापेक्षा पाकिटे चिकटवण्यास अधिक योग्य होते आणि चमचा उलटा धरला तरी खाली पडत नव्हते. या वेळी बटाटे मीठ घातलेल्या गार पाण्यात शिजत लावले, निथळून पुन्हा मिनिटभर आचेवर धरून त्यांची वाफ जाऊ दिली, हाताने कुस्करले, आधी लोणी आणि मग गरम दूध घातले. सांगण्यासारखी एकही दुर्घटना घडली नाही, याचे मलाच थोडे वाईट वाटले.

तिकडे किलोभर कांद्याचा वाटीभर ऐवज झाला होता. रंग आला तरी गोडी आली का, हे चाखल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा चाखून खात्री पटत नाही, त्यामुळे वाढायला घेईपर्यंत वाटीत चार चमचे उरले होते. ते मी दागिने मोजून द्यावेत तसे चार ताटल्यांत वाटले. मुलाने आपल्या ताटलीतला बटाट्याचा ढीग न्याहाळला, त्यावरचा कांदा काट्याने काळजीपूर्वक उचलून कडेला ठेवला आणि म्हणाला, "बाबा, हे वरचं थोडं करपलंय."

तो कांदा मी उचलून खाल्ला. चांगलाच गोड झाला होता.