कासवीच्या नजरेवर पिल्लं वाढत नाहीत

‘कासवी अंडी घालून समुद्रात जाते, पण तिथून नुसत्या नजरेने ती उबवते. आईची नजर हेच पिल्लांचं अन्न. विज्ञानानेही हे मान्य केलंय.’ कासवाच्या फोटोखाली हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो. संतांनी देवाच्या कृपादृष्टीसाठी ही उपमा वापरली, तिथे ती मला अतिशय प्रिय आहे. विज्ञानाच्या नावावर मात्र ती खपवू नये.

आधी नजरेचं बघू. ऑलिव्ह रिडले या समुद्री जातीची कासवी रात्री किनाऱ्यावर येते, दीड-दोन फूट खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. त्या खड्ड्याकडे ती परत फिरकत नाही. २०२३ मध्ये गुहागरला माग काढण्यासाठी उपग्रह-टॅग लावलेली ‘बागेश्री’ नावाची कासवी काही महिन्यांत श्रीलंकेपर्यंत पोहोचली होती. शिवाय तिचे डोळे पाण्यासाठी घडलेले. पाण्याबाहेर तिला लांबचं धड दिसतही नाही.

ऊब देते ती वाळू. साधारण ४५ ते ६० दिवस. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या तापमानावर ठरतं: जास्त तापली तर माद्या, गार राहिली तर नर. कोकणातल्या वेळासला कासवमित्र, म्हणजे कासवांची अंडी जपणारे गावकरी, अंडी मूळ खड्ड्यातून काढून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवतात. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात, आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलली की खाली पिल्लं वळवळताना दिसतात. आईला तर हा नवा खड्डा ठाऊकही नसतो!

आता अन्न. खरी नवलाई इथे आहे. अंड्यात पिवळा बलक असतो, तोच पिल्लाचा शिधा. बाहेर पडताना उरलेला बलक पोटात ओढलेला असतो, त्यावर पहिले काही दिवस निघतात. शिध्याच्या जोडीला पाण्याचीही सोय असते: गर्भाभोवती पाण्याने भरलेली पातळ पिशवी असते, तिला उल्ब म्हणतात. बाळंतपणात फुटते ती आपली पाणमोट म्हणजे हीच पिशवी. पक्षी, साप, मगर, गाय, माणूस, सगळ्यांचे गर्भ हिच्यात वाढतात. बेडकाला ती नाही, म्हणून त्याची अंडी उघड्यावर सुकतात. तीसेक कोटी वर्षांपूर्वी काही प्राण्यांनी जणू स्वतःचं डबकं अंड्यातच भरून घेतलं आणि कोरड्या जमिनीवर वंश वाढवला. कासवी समुद्रात राहूनही अंड्यांसाठी किनाऱ्यावर येते ती त्यामुळेच: कवचातून हवा आत जावी लागते, पाण्यात गर्भ गुदमरतो.

‘अंडी घालताना ती विरहाने रडते’ हेही जोडीला असतं. ते अश्रू म्हणजे डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर पडणारं जादा मीठ. समुद्रातही ते चालूच असतं. अंड्यांची राखण करणारी आई बघायची तर मगर बघा. ती घरट्याजवळ थांबते, पिल्लांची हाक ऐकून माती उकरते.

‘आई बघतेय, म्हणून अंडी कुठेही ठेवली तरी चालतात’ असंही कुणी खाली लिहितं. हे सगळ्यात घातक. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो. नंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरू शकतो. म्हणून कासवमित्र अंडी लवकरात लवकर आणि न फिरवता हलवतात. किनाऱ्यावर खड्डा दिसला तर हात लावू नका, गावातल्या कासवमित्रांना किंवा वनखात्याला कळवा.