‘डाउनलोड करा, डबल क्लिक करा, झालं!’ : ॲपइमेजबद्दलचा अर्धाच खरा दावा

ॲपइमेज म्हणजे सगळा प्रोग्राम एकाच फाइलमध्ये भरून देण्याची लिनक्सवरची पद्धत. लिनक्सकडे नव्याने वळलेल्या माणसाला तिच्याबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: ‘ॲपइमेज फाइल उतरवून घ्या, चालवण्याची परवानगी द्या, डबल क्लिक करा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, कुठल्याही लिनक्सवर चालते, पेनड्राइव्हवरून चालते, मागे काही ठेवत नाही आणि सिस्टिमला हात लावत नसल्याने सुरक्षितही असते.’

ॲपइमेज उपयोगी आहे, यात वाद नाही. उबुंटूच्या जुन्या एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीवर क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्रामची ताजी आवृत्ती हवी असेल, तर हा मार्ग खरोखर सोपा आहे. पण सल्ल्यातला जवळपास प्रत्येक मुद्दा कुठे ना कुठे अडतो आणि अडल्यावर सुचवले जाणारे उपाय मूळ अडचणीपेक्षा जास्त नुकसान करतात.

‘काही इन्स्टॉल करावं लागत नाही’

ॲपइमेजमध्ये पुढे छोटा रनटाइम, म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारा भाग, असतो आणि त्याच्या मागे स्क्वॉशएफएस पद्धतीने दाबून भरलेला सगळा प्रोग्राम. रनटाइम हा मागचा भाग फ्यूज या लिनक्समधल्या सोयीच्या मदतीने तात्पुरत्या फोल्डरवर माउंट करतो, म्हणजे न उलगडता फोल्डरसारखा जोडतो, आणि तिथून प्रोग्राम सुरू करतो. जुन्या रनटाइमला त्यासाठी लिबफ्यूज२ ही लायब्ररी लागते आणि उबुंटू २२.०४ पासून ती आपोआप मिळत नाही. परिणाम असा की डबल क्लिक केल्यावर ना खिडकी उघडते, ना काही संदेश येतो. संदेश असतो, पण तो टर्मिनलवर छापला जातो. म्हणून कुठलीही ॲपइमेज पहिल्यांदा टर्मिनलमधूनच चालवावी.

तिथे ‘लिबफ्यूज.एसओ.२’ सापडत नसल्याची तक्रार दिसली, तर २२.०४ वर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिबफ्यूज२’ एवढंच करायचं (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, एपीटी म्हणजे उबुंटूचं पॅकेज टाकण्या-काढण्याचं साधन). २४.०४ वर त्याच पॅकेजचं नाव ‘लिबफ्यूज२टी६४’ झालं आहे. इथे एक चूक फार महागात पडते: नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकणं. २२.०४ वर ते फ्यूज३ काढून टाकतं आणि त्यावर अवलंबून असलेली डेस्कटॉपची पॅकेजेसही सोबत जाऊ शकतात. एपीटी ‘ही पॅकेजेस काढली जातील’ अशी यादी दाखवतं. ती वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

काहीच टाकायचं नसेल, किंवा कॉलेजच्या संगणकावर सुडोचा अधिकार नसेल, तर टर्मिनलमध्ये ॲपइमेजच्या नावानंतर ‘--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट’ लिहून चालवा. ‘स्क्वॉशएफएस-रूट’ नावाचं फोल्डर तयार होईल. त्यातली ‘ॲपरन’ ही फाइल चालवली की प्रोग्राम फ्यूजशिवाय सुरू होतो. जागा मात्र जास्त लागते, कारण आता सगळं उलगडून ठेवलेलं असतं. नव्या रनटाइममध्ये लिबफ्यूज आतच बांधलेली असते, त्यामुळे नव्याने बनवलेल्या बऱ्याच ॲपइमेजना ही अडचण येत नाही.

‘कुठल्याही लिनक्सवर चालते’

प्रोग्रामच्या बहुतेक लायब्ररी ॲपइमेजच्या पोटात असतात, पण जीलिबसी ही सर्वांत मूलभूत लायब्ररी सहसा यजमान सिस्टिमची वापरली जाते. नव्या जीलिबसीवर जुना प्रोग्राम चालतो. उलटं होत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, डेबियन ११ मध्ये २.३१. त्यामुळे २२.०४ वर बांधलेली ॲपइमेज डेबियन ११ वर ‘जीलिबसी_२.३४ सापडली नाही’ अशा धर्तीचा संदेश देऊन थांबू शकते. आपल्याकडची आवृत्ती ‘एलडीडी --व्हर्जन’ने कळते. यावर उपाय म्हणून इंटरनेटवरून जीलिबसी उतरवून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये कधीही टाकू नका. सिस्टिमवरचे जवळपास सगळे प्रोग्राम तिच्यावर उभे असतात, अगदी फाइलींची यादी दाखवणारी एलएस आणि कॉपी करणारी सीपी या साध्या आज्ञासुद्धा. त्याच प्रोग्रामची जुनी ॲपइमेज घ्या, किंवा फ्लॅटपॅक ही प्रोग्राम टाकण्याची दुसरी पद्धत वापरा; त्याची जीलिबसी त्याच्यासोबतच येते.

अल्पाइन लिनक्समध्ये जीलिबसीच नाही, तिच्या जागी मसल ही वेगळी लायब्ररी आहे. आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एक्स८६_६४ (नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसर) साठीची फाइल चालणारच नाही. तिथे एआर्च६४ (६४-बिट एआरएम प्रोसेसर) ची शोधावी लागते.

‘सिस्टिमला हात लावत नाही, म्हणून सुरक्षित’

हा सगळ्यात घातक गैरसमज आहे. ॲपइमेज स्वतःहून कसलंही कुंपण घालत नाही. ती तुमच्या खात्याच्या पूर्ण अधिकाराने चालते: होम फोल्डरमधली कागदपत्रं, ब्राउझरचं प्रोफाइल, दुसऱ्या संगणकांवर लॉगिन करण्याच्या एसएसएच किल्ल्या, सगळं ती वाचू शकते. फाइलमध्ये ती कुणी बनवली हे पटवणारी जीपीजी ही डिजिटल सही असू शकते, पण चालवताना ती आपोआप तपासली जात नाही. त्यामुळे प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावरूनच फाइल घ्यावी आणि फाइलच्या मजकुरावरून काढलेला ‘एसएचए२५६सम’चा आकडा जुळवावा. तो आकडा त्याच पानावरून घेतला असेल, तर त्यातून फाइल धड उतरली एवढंच सिद्ध होतं. कुंपण हवंच असेल तर फायरजेल हे साधन टाकून ‘फायरजेल --ॲपइमेज’ने चालवता येते.

उबुंटू २४.०४ मध्ये ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेने साध्या खात्यांच्या युजर नेमस्पेसवर (प्रोग्रामला स्वतःपुरतं वेगळं केलेलं वातावरण देणाऱ्या सोयीवर) मर्यादा आणली. इलेक्ट्रॉन या वेब तंत्रावर आधारलेल्या साच्यावर बनवलेले प्रोग्राम सँडबॉक्ससाठी, म्हणजे आपले भाग कुंपणात चालवण्यासाठी, नेमकं तेच वापरतात, त्यामुळे त्यांच्या ॲपइमेज ‘क्रोम-सँडबॉक्स’ची मालकी रूटकडे आणि परवानगी ४७५५ हवी, अशी तक्रार करून बंद पडतात. माउंट केलेल्या ॲपइमेजच्या आत ही दुरुस्ती शक्यच नाही. मग सल्ला मिळतो: ‘--नो-सँडबॉक्स’ लावा. प्रोग्राम चालतो, पण बाहेरून आलेला मजकूर हाताळणारा त्याचा भाग आता कोणत्याही आडोशाशिवाय चालतो. संपूर्ण सिस्टिमची ती मर्यादा ‘सिस्कंट्रोल’ (sysctl) या आज्ञेने उठवणं त्याहून वाईट.

योग्य मार्ग म्हणजे ‘/ईटीसी/ॲपआर्मर.डी’मध्ये त्या एका प्रोग्रामपुरती प्रोफाइल लिहिणं. तीत ॲपइमेजचा पूर्ण पत्ता, ‘अनकन्फाइन्ड’ हा फ्लॅग आणि महिरपी कंसात ‘युजरएनएस,’ ही एक ओळ, शेवटच्या स्वल्पविरामासकट. नंतर ॲपआर्मर सेवा रीलोड करायची. पत्ता बदलला की प्रोफाइल लागू होत नाही, म्हणून फाइल एका ठरलेल्या फोल्डरमध्ये, आवृत्तीचा आकडा काढून ठेवा.

सुरक्षिततेची दुसरी बाजू अपडेटची. ‘एपीटी अपग्रेड’ ॲपइमेजला शिवतही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीतली गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा उबुंटू, डेबियनसारख्या डिस्ट्रोंनी आपली लायब्ररी दुरुस्त केली. ॲपइमेजच्या पोटातली जुनी प्रत मात्र नवी फाइल उतरवेपर्यंत तशीच राहिली. काही ॲपइमेजमध्ये अपडेटची माहिती भरलेली असते. ‘--ॲपइमेज-अपडेटइन्फॉर्मेशन’ने काही छापलं गेलं, तर ॲपइमेजअपडेट हे साधन फक्त बदललेले तुकडे उतरवतं. काहीच छापलं गेलं नाही, तर प्रकल्पाच्या पानावर अधूनमधून स्वतः पाहावं लागेल.

‘पेनड्राइव्हवरून चालते’

बाजारातले बरेच पेनड्राइव्ह एफएटी३२ या फाइल साठवण्याच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेले असतात. त्यावर लिनक्सच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत. डेस्कटॉप असा ड्राइव्ह माउंट करतो तेव्हा विंडोजच्या ईएक्सईसारख्या ठरावीक फाइलींनाच चालवण्याची परवानगी मिळते; ‘सीएचमॉड’ या परवानगी बदलणाऱ्या आज्ञेने ॲपइमेजवर काही फरक पडत नाही. फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करून चालवा, किंवा फक्त लिनक्ससाठी वापरायचा असेल तर ड्राइव्ह ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, हे आधी ध्यानात घ्या.

‘मागे काही ठेवत नाही’

ठेवते. सेटिंग होममधल्या लपलेल्या ‘.कॉन्फिग’मध्ये, डेटा ‘.लोकल/शेअर’मध्ये, तात्पुरत्या फाइली ‘.कॅश’मध्ये जातात. फाइल डिलीट केल्यावर हे सगळं तसंच राहतं. सामान ॲपइमेजसोबतच राहावं असं वाटत असेल, तर एकदा ‘--ॲपइमेज-पोर्टेबल-होम’ने चालवा. शेजारी फाइलच्याच नावाचं, शेवटी ‘.होम’ जोडलेलं फोल्डर तयार होतं आणि प्रोग्राम त्यालाच होम समजतो. नव्या आवृत्तीच्या फाइलचं नाव वेगळं असेल, तर हे फोल्डर तिला सापडत नाही आणि सगळी सेटिंग उडाल्यासारखी वाटतात. फोल्डरचं नावही बदललं की ती परत दिसतात.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाणवते. सिस्टिममध्ये आयबस किंवा एफसीआयटीएक्स५ या इनपुट पद्धतींमधून मराठी नीट उमटते, पण एखाद्या ॲपइमेजमध्ये फक्त रोमन अक्षरं येतात. त्या इनपुट पद्धतीचा प्लगइन ॲपइमेजमध्ये भरलेला नसतो, हे त्याचं नेहमीचं कारण. अशा वेळी कीबोर्ड सेटिंगमधून एक्सकेबी या सिस्टिमच्या मूळ कीबोर्ड व्यवस्थेचा मराठी लेआउट निवडा. तो अक्षरांची जुळणी सिस्टिमच्या पातळीवर करतो, त्याला कुठलाही प्लगइन लागत नाही. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर प्रश्न फाँटचा आहे: ॲपइमेज सहसा सिस्टिमचेच फाँट वापरते, तेव्हा नोटो किंवा लोहितचा देवनागरी फाँट सिस्टिमवर टाका आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा.