माठातलं पाणीही तपासा

घरी पाणी तपासलं की लोक ते उकळून प्यायला लागतात, हे पाणी तपासणीवरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. एच-टू-एस चाचणीची (पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का ते दाखवणारी) बाटली दिवस-दोन दिवसांत काळी पडलेली स्वतः पाहिली की आरोग्यसेविकेला वेगळं समजवावं लागत नाही. पण जलजीवन मिशनमध्ये गावातल्या ५ महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवतात, त्यांनी विहीर-नळाबरोबर माठातलं पाणीही घ्यावं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं चांगलं पाणी घरात हात बुडवल्याने पुन्हा नासतं. तिथे ओगराळं आणि झाकण हवं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या पाण्यात विरघळलेल्या फ्लोराइड या क्षाराचं मात्र वेगळं. बाटली काळी होत नाही, उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. त्याची चाचणी निराळी असते, हे कृपया लेखात ठळक टाका.